परत मागितलेलं वाण

दिलेलं वाण परत मागायला आलेली बाई मी आयुष्यात एकच पाहिली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेलं की बाई हातावर काहीतरी ठेवते. वाटी, गाळणी, कंगवा, काहीही. ते आवडलं नाही तरी हसून घरी आणायचं आणि पुढे गुपचूप कामवालीला देऊन टाकायचं, इतपत आपण सगळ्याच करतो. पण देणारीच एक दिवस दारात उभी राहून "ता माका परत दी गो" म्हणते, हे ऐकलंय का कुणी? मी तरी नव्हतं ऐकलं. त्या दिवशी मी तिला जे उत्तर दिलं, ते अजून माझ्या घशात अडकलंय.

आमच्या शेजारच्या तावडेकाकू. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आमची सोसायटी संपते, तिथे एक भिंत आहे. भिंतीला मागचं फाटक, फाटकापलीकडे ओहोळ आणि उतरण, आणि त्याच्या वर वनखात्याचं कुंपण. काकू आणि आम्ही ब विंगच्या तिसऱ्या मजल्यावर, दाराला दार. काकू बुटक्या, साडी कायम गुडघ्याच्या खाली वीतभर खोचलेली, आवाज असा की वाहनतळात कुणाला हाक मारली तर चार खिडक्या उघडायच्या. मूळच्या कणकवलीकडच्या. काका गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर कुठेकुठे सुरक्षारक्षक म्हणून उभे राहिले. काकूंनी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या कँटीनमध्ये चोवीस वर्षं पोळ्या लाटल्या. उभा जन्म मुंबईत काढूनही आनंद झाला किंवा डोकं फिरलं की त्यांची मालवणी सुरू व्हायची.

त्यांच्या दारातून कुणी रिकाम्या हाताने गेलेला मी पाहिला नाही. कुरिअरवाल्याला लाडू, मीटर बघायला आलेल्याला आमसुलं, मतदारयादीवाल्या बाईंना तर अख्खा फणस दिला होता. ती बिचारी तो घेऊन पुढच्या इमारती कशी चढली असेल देव जाणे. समोरचा "नको हो" म्हणाला की काकू तो जिन्नस त्याच्या हातात कोंबायच्या. "धर गो. देताना इचार करूचो नाय." बाईमाणूस असो की बाप्या, सगळ्यांना 'गो'च.

कंपनीच्या स्वागतकक्षात एक परदेशी झुडूप होतं. कुठल्याशा साहेबाने हौसेने आणलेलं. कमरेएवढं, पातळ पानांचं, एकाच वेळी पांढरी इवली फुलं आणि लालभडक मण्यांएवढ्या फळांचे घोस अंगावर घेऊन बारा महिने उभं. स्वागतकक्षाचं नूतनीकरण निघालं तेव्हा ते कचऱ्यात गेलं. काकूंनी ते कचऱ्यातून उचललं आणि डब्याच्या पिशवीतून घरी आणलं. नाव त्यांना माहीत नव्हतं, म्हणून त्यांनीच ठेवलं, पोवळं. पडलेल्या प्रत्येक फळातून रोप उगवायचं. काकूंना वाटलं, काय गुणी झाड आहे!

मग काका गेले. पुढच्या संक्रांतीला सोसायटीत पाच-सहा हळदीकुंकवं झाली आणि काकूंना एकाही घरातून बोलावणं आलं नाही. कोणी वाईट नव्हतं हो, पण विधवेला बोलवायचं नसतं, एवढं सगळ्यांना पाठ होतं. काकूंनी तीन दिवस वाट पाहिली. चौथ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर कागद लावला: 'रविवारी पाच वाजता तावडे यांच्याकडे हळदीकुंकू. सगळ्यांनी यावे. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी.' पहिल्या वर्षी आठ जणी गेल्या, त्यातल्या तिघी काकूंसारख्याच. प्रत्येकीच्या हातावर काकूंनी दह्याच्या रिकाम्या डब्यात लावलेलं पोवळ्याचं रोप ठेवलं. त्या लालभडक रोपाच्या मोहानेच पुढच्या वर्षी वीस जणी आल्या. मग चाळीस. सात वर्षांत अशी वेळ आली की आमच्या सोसायटीत संक्रांत म्हणजे तावडेकाकूंचं हळदीकुंकू. ज्या बायांनी त्यांना टाळलं होतं, त्याच आता "काकू, यंदा माझ्या नणंदेलाही आणते हं, रोप राखून ठेवा" म्हणत दारात यायच्या. हळदीकुंकवाच्या दिवशी मात्र काकू साडी खोचत नसत.

मी लग्न होऊन आले ती याच काळात. माझी पहिली संक्रांत, आणि काकूंनी माझ्या हातावर दह्याचा डबा ठेवला. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मेघना, तिचं वाण आहे ना ते? बाहेर ठेव, घरात नको." सासूबाई मनाने वाईट नाहीत, फक्त भित्र्या आहेत. मी डबा कपडे वाळत घालायच्या गॅलरीत, वॉशिंग मशीनमागे ठेवला. तिथे ते दोन वर्षं कसंबसं जगलं. त्या दोन वर्षांत माझे दोन गर्भपात झाले.

दुसऱ्या वेळी काकू रोज पेज घेऊन यायच्या. उपदेश नाही, देवाचं नाव नाही. एकदा मशीनमागचं ते खुरटं रोप त्यांनी बघितलं आणि माझ्यावरच डाफरल्या, "अगो, ह्येका उजेड नको? जीव आसा त्येका!" आणि स्वतःच ते मोठ्या कुंडीत लावून स्वयंपाकघराच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवलं, डोंगराच्या बाजूला. वर्षभरात ते फळांनी लगडलं, आणि त्याच जूनमध्ये मला पुन्हा दिवस राहिले. सासूबाईंनी कुंडीला हात जोडले. "झाडाला फळ धरलं नि तुलाही. वाणच लाभलं गं!" आता त्या रोज सकाळी तुळशीनंतर पोवळ्याला पाणी घालायला लागल्या. मी शिकलेली, बँकेत नोकरी करणारी बाई. मी हसायला हवं होतं. नाही हसले.

त्याच जूनमध्ये, माझं मलाही कळायच्या आठवडाभर आधी, जनी मोकळ्या टोपलीने आली. जनी म्हणजे वरच्या पाड्यावरची, काकूंच्याच वयाची. मे महिन्यात करवंदं आणि पाऊस लागायच्या सुमाराला शेवळं घेऊन ती वर्षानुवर्षं आमच्या फाटकाशी बसायची. ही रानभाजीची शेवळं जमिनीतून कोंबासारखी वर येतात, महिनाभर मिळतात, आणि ज्यांना आवडतात ती माणसं त्यांच्यासाठी रांग लावतात. जनीचं पावसाळ्याचं धान्य त्या महिनाभरातच यायचं. काकूंची आणि तिची मैत्री भांडणाचीच. "जुडी केवढी गो तुझी, करंगळीएवढी!" "मंग जा बाय, तूच खनून आन!" असं रोज.

त्या दिवशी काकू म्हणाल्या, "काय गो, यंदा सगळी शेवळां तूच खाल्लंस की काय?"

जनी भांडली नाही. "शेवळं न्हाईत बाय. दोन वर्सं कमी-कमी व्हत व्हती. यंदा न्हाईतच."

"नाहीत म्हणजे? जमीन कुठे गेली?"

"चल, दाखवते."

रविवार होता, मीही गेले. मागच्या फाटकातून ओहोळ ओलांडून वर चढलो आणि झाडांच्या सावलीत शिरलो. समोरची सगळी उतरण लाल होती. जिथवर नजर जाईल तिथवर पोवळंच पोवळं, एकाला एक खेटून, घोस लोंबताहेत, बुलबुल तुटून पडलेत. काकूंनी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या.

"अगो मेघना, बघ! माझा पोवळा! हयपर्यंत इला!"

जनी मागे वळली. "ही झाडं तुझी हायेत?"

"माझीच तर! मीच आणलंय ह्या, अंधेरीसून, डब्याच्या पिशवीत घालून."

जनीने खाली बसून दोन्ही हातांनी ती झुडपं बाजूला सारली. "खाली बघ, बाय."

खाली काही नव्हतं. काळी ओली माती आणि पोवळ्याची पोरं, मेथीच्या वाफ्यासारखी दाट. गवत नाही, करवंदाचं एक नवं रोप नाही. एका ठिकाणी एक शेवळ वर यायला निघालं होतं, ते उजेड न मिळून पिवळं पडून वाकलं होतं. जनीने ते उपटून काकूंच्या तळहातावर ठेवलं. "माझी आय हितंच खनायची," एवढंच म्हणाली.

मी काकूंकडे बघितलं आणि घाबरले. टाळ्या वाजवलेले हात तसेच अर्धवट वर, एका हातावर ते पिवळं शेवळ. तोंड उघडं. चोवीस वर्षं दोनशे माणसांना जेवू घालणाऱ्या बाईला त्या क्षणी कळत होतं की आपण कुणाच्या तरी ताटावर बसलोय. वाण म्हणून हातावर घेतलेली एवढीशी गोष्ट, तीही इतकी देखणी, असं काही करू शकते हे माझ्या डोक्यातच शिरेना.

काकू दोन दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या ओळखीतली एक वनस्पतिशास्त्र शिकवणारी मुलगी मी मुद्दाम बोलावली, मनात आशा होती की ती म्हणेल, काकूंचा काही संबंध नाही. तिने पान, फळ बघितलं आणि सांगितलं की हे मूळचं अमेरिकेकडचं, इथे त्याला खाणारी कीडसुद्धा नाही, पाखरं फळं खातात आणि बी डोंगरभर नेतात. काकूंनी एकच विचारलं, "एक कुंडी जरी ऱ्हवली तर?"

"एक पुरते, काकू."

मुलगी गेल्यावर काकूंनी स्वतःच्या गॅलरीतली अकरा झाडं मुळासकट काढली, फळं मिठाच्या पाण्यात उकळून काढली, आणि मला म्हणाल्या, "इचार न करता दिलंय गो मी. आता घराघरान जाऊन परत मागूचा लागतला."

मी ओरडलेच. "काकू, वेड लागलंय का? वाण परत मागतात का कधी? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील ता माका म्हाईत आसा," त्या म्हणाल्या. "म्हणतील, बोडक्या कपाळाची बाई, तिचं वाण बाधलंच शेवटी. म्हणू दे."

सोसायटीत त्यांना किती कष्टाने ती मानाची जागा मिळाली होती, हे मी बघितलं होतं. ती जागा त्या स्वतःच्या पायांनी सोडायला निघाल्या होत्या. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात साखरेचा डबा. दिलेलं परत घ्यायचं तर रिकाम्या हाताने घ्यायचं नाही, हा त्यांचा स्वतःचा कायदा. झाड पिशवीत, वाटीभर साखर त्या घरात.

आणि बाया बोलल्या. एकीने दाराची साखळी न काढताच सांगितलं, "नवऱ्याची तब्येत बरी नाहीये माझ्या, आत्ता अपशकुन नको." एकीने झाड दिलं आणि काकूंच्या देखत उंबऱ्यावर पाणी शिंपडलं. हे ऐकून माझं डोकं भडकलं होतं, काकू मात्र म्हणाल्या, "झाड दिल्यान ना? पाणी शिंपडू दे, उंबरो धुतलो गेलो." ज्या बाया सोसायटी सोडून गेल्या होत्या त्यांचे पत्ते काढून काकू मानखुर्दला गेल्या, सांताक्रूझला गेल्या. सांताक्रूझवालीने तर झाड दिवाणखान्यात मांडलं होतं आणि ती रडायला लागली. काकूंनी तिला दोन वाट्या साखर दिली.

आमचं घर त्यांनी शेवटी ठेवलं होतं. घरचंच म्हणून. जुलै संपत आला होता, मला दुसरा महिना संपून तिसरा लागला होता, म्हणजे ज्या आठवड्यात आधीचे दोन्ही गेले तोच आठवडा. बेल वाजली तशी सासूबाईंनी ग्रिलमधली कुंडी उचलून न्हाणीघरात नेली आणि माझ्याकडे बघून हात जोडले. मला! सासूने सुनेला.

दार मी उघडलं. काकू घामाघूम, पिशवी, डबा.

"तुझा ता पोवळा दी गो, मेघना. झाला, ह्या शेवटचा घर."

मी म्हणाले, "काकू, आमचं गेलं हो. उन्हाळ्यात वाळलं."

दीड महिन्यापूर्वी त्याच कुंडीशी उभ्या राहून त्यांनी माझ्याकडे चहा घेतला होता. तरी मी हे म्हणाले. काकूंनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग पोटाकडे. मग त्यांनी डबा उघडून वाटीभर साखर माझ्या ओंजळीत ओतली. "बरा झाला," म्हणाल्या. "संभाळून ऱ्हव." आणि गेल्या. मला वाटलं, वय झालंय, विसरल्या. माझा जीव भांड्यात पडला, हे कबूल करायला आज लाज वाटते. ती साखर आम्ही त्याच दिवशी शिऱ्यात घातली. सासूबाईंनी कुंडी ग्रिलमध्ये परत ठेवली. फेब्रुवारीत मला मुलगी झाली, धडधाकट.

त्यानंतर चार वर्षं काकू दर रविवारी डोंगरावर जायच्या. त्या आणि जनी, दोघी म्हाताऱ्या, खुरपी घेऊन. फळ धरायच्या आत उपटायचं, हा नियम. पुढच्या संक्रांतीला त्यांनी हळदीकुंकू केलं तेव्हा पाच जणी आल्या. काकूंनी वाण म्हणून सुया दिल्या. मी त्यांच्याबरोबर डोंगरावर कधीच गेले नाही. बाळ लहान, मग बाळ आजारी, मग बँकेचं ऑडिट. थर्मासमधून चहा तेवढा पाठवायचे. परत आल्या की विचारायचे, "झालं का साफ?"

"वरचा झाला. शेवळां येऊक लागली, जनीन वीस जुडये विकल्यान. पण खालच्या अंगाक सारखी नवी रोपां येतत गो. परत-परत."

"कुठून येतात?"

"येतत खंयसून तरी," काकू म्हणायच्या आणि माझ्या मुलीच्या हातावर काहीतरी ठेवून घरी जायच्या.

यंदा मार्चमध्ये काकू गेल्या. न्यूमोनिया झाला, आठ दिवसांत संपलं. शेवटच्या रविवारीही त्या वर जाऊन आल्या होत्या, खोकत. मी त्यांना ओरडले होते.

जूनमध्ये जनी आली. काकूंच्या दाराला कुलूप बघून तिने आमची बेल वाजवली आणि शेवळांची पहिली जुडी माझ्या हातात दिली. "बायची हाय. आता तुलाच." मग तिथेच पायरीवर टेकली. "ताई, तू शिकलेली हायेस. माझं एक काम कर. बाय म्हनायची, एक घर ऱ्हायलंय. तिथलं झाड पाखरं खात्यात नि खाली बी पडतं. म्या म्हनायची, घर सांग, म्या जाऊन मागते. बाय म्हनायची, न्हाय. तिथं मागायचं न्हाय, त्या पोरीच्या मनात भ्या हाय. तिची तीच आनून दील. आता बाय न्हाय, ते घर तूच हुडकून दे."

ते घर आमचंच होतं. तरीसुद्धा मी तिला काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. मी इतकंच म्हणाले, "रविवारी मी येते तुझ्याबरोबर." मनात चाललं होतं की काकूंना संशय असेल नुसता, त्यांना नक्की काय माहीत असणार.

रविवारी गेले. ओहोळापलीकडे खालच्या उतरणीवर पोवळ्याची बोटभर रोपं आली होती, आम्ही तासभर उपटली. कंबर मोडली माझी. जनी म्हणाली, "बस जरा. बाय चा प्यायला हितंच बसायची." एक सपाट दगड होता. मी बसले, थर्मास उघडला, मान वर केली.

बरोबर समोर आमची इमारत होती. तिसरा मजला. माझं स्वयंपाकघर. ग्रिलमध्ये लाल घोस असे भरले होते की इथूनही मोजता आले असते, आणि त्यावर एक बुलबुल उलटा लटकून खात होता. खाऊन झालं तसा तो उडाला आणि आमच्या डोक्यावरून वर गेला.

चार वर्षं दर रविवारी ही बाई इथे बसून माझा चहा प्यायली, माझी खिडकी बघत. मग उठून माझ्या कुंडीची पोरं उपटली, खोकत, वाकून. आणि संध्याकाळी माझ्या दाराशी येऊन म्हणाली, येतात कुठूनतरी. दोनशे पावलं आणि एक बेल, एवढंच अंतर होतं. मी मोठ्याने रडले. जनीला एवढं लांबचं दिसत नव्हतं. ती घाबरली, "ताई, काय चावलं काय?"

मी तिला हाताला धरून खाली आणलं, जिना चढवला, घरात नेलं. सासूबाई पुढे आल्या, माझं तोंड बघून बाजूला झाल्या. मी ग्रिल उघडून कुंडी उचलली आणि जनीसमोर जमिनीवर ठेवली. मुलगी तिच्या आजीच्या पदराआडून बघत होती, खणखणीत, चार वर्षांची.

जनीने कुंडीकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या. ती खाली बसली आणि एकेक फळ खुडून पदरात घ्यायला लागली, एकही जमिनीवर पडू न देता. सगळी खुडून झाल्यावर तिने झाड मुळासकट ओढलं, पदराची गाठ मारली आणि उठताना अडखळली.

"बाय परत घेताना साखर द्यायची," ती ओशाळून म्हणाली. "माझ्याकडं न्हाय आत्ता."

"राहू दे जनी," मी म्हणाले. "माझी साखर त्यांनी मला तेव्हाच दिलीय."